त्याच्याबद्दल मी काय सांगितलं

चँडलरहून तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी कौतुकाने सांगितलं, की तुमच्यापैकी धाकट्याने वर्गात उभं राहून ‘माझ्या आजीने एका क्वार्टरबॅकला शिकवलं’ असं सांगितलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ‘हो का’ म्हटलं आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्याची चौकशी केली. पण ते मनातून गेलं नाही. शिकवलं हे खरं आहे. त्याच्या बाबतीत मी आणखीही एक गोष्ट केली, ती तुम्हाला ठाऊक नाही. ती क्रमाने लिहून ठेवते. मुद्दाम मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मला स्वतःची बाजू फार सफाईने मांडता येते.

आम्हाला अमेरिकेत, या नोव्हाय गावी येऊन तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. आजोबा अजून मोटारींच्या कंपनीत जात होते. तुमचे बाबा आणि आत्या आपापल्या नोकऱ्यांच्या गावी गेले होते. मी पुण्याला इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं आणि इथे इतकी वर्षं शाळांमधून बदली शिक्षिका म्हणून जात होते. मग घरापासून पाऊण तासावर असलेल्या एका विद्यापीठात मला अर्धवेळ काम मिळालं. तिथे खेळाडूंसाठी एक अभ्यासिका होती. आठवड्यातले ठरावीक तास खेळाडूंनी तिथे येऊन बसायचं आणि आम्ही त्यांच्या अभ्यासात मदत करायची. माझ्याकडे निबंध होते. मी लिहून द्यायचं नाही, फक्त त्यांच्याकडून नीट लिहून घ्यायचं. प्रत्येक मुलासाठी मी वहीत एक पान ठेवलं होतं. कधी आला, काय आणलं, कुठे अडतो, हे तारखेनिशी.

तो मुलगा दक्षिणेकडच्या एका लहान गावातून आला होता. कृष्णवर्णीय, सव्वासहा फूट उंच. आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला की त्याचे गुडघे टेबलाला खालून टेकायचे. मला तो ‘मॅम’ म्हणायचा. पहिल्या निबंधाच्या वेळी मी त्याला तासभर समजावलं. प्रत्येक मुद्द्यानंतर मी विचारायची, समजलं? तो मान डोलवायचा, ‘येस मॅम.’ पुढच्या आठवड्यात तो जे घेऊन आला, त्यात मी सांगितलेलं एक अक्षर नव्हतं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी पेन खाली ठेवलं.

“तुला समजलेलं नसतं, तर तू मान का हलवतोस?”

त्याने कागदांच्या कडा बोटाने सारख्या केल्या. मग म्हणाला, “पुन्हा विचारलं की माणसं थकतात, मॅम. तुम्ही आधीच थकल्यासारख्या दिसता.”

त्या दिवशी मी त्याच्या पानावर लिहिलं: होकार देतो, समजलेलं नसतं.

मग आम्ही एक पद्धत ठरवली. मी सांगायचं, आणि उठण्यापूर्वी त्याने तेच मला शिकवायचं, जणू मी त्याची विद्यार्थिनी आहे. पहिले दोन महिने फार कष्टाचे गेले. नंतर त्याला त्यात मजा वाटायला लागली. मला शिकवताना तो मधेच थांबून विचारायचा, “मॅम, तुम्ही मान हलवताय. खरंच समजलं, की मी थकेन म्हणून?” शेजारच्या टेबलावरची मुलं हसायची. दुसऱ्या वर्षाअखेर तो स्वतःहून म्हणायला लागला, “हे मला अजून आलेलं नाही, पुन्हा सांगा.” आणि शेवटच्या वर्षी त्याच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की भरलेल्या वर्गात हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, सर, तुम्ही आत्ता जे सांगितलं ते मला समजलं नाही, आणि मला वाटतं इथे बऱ्याच जणांना समजलेलं नाही. ते खूश होते. मी घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते. हा प्रसंग लक्षात ठेवा. मी तो विसरले नव्हते, आणि पुढे जे झालं त्यात माझा अपराध आहे तो एवढ्यासाठीच.

त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला तेव्हा आजोबांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून शिकवलं. अकरा वाट्या या बाजूला, अकरा त्या बाजूला. मधली तांब्याची वाटी म्हणजे क्वार्टरबॅक. बाहेरून प्रशिक्षकांनी पाठवलेला डाव तो ऐकतो, बाकीच्या दहांना सांगतो आणि मग चेंडू त्याच्या हातात येतो. “म्हणजे याला नीट समजलं नाही तर दहा जण उलटीकडे पळणार,” आजोबा म्हणाले. कॉलेज संपताना व्यावसायिक संघ आपापल्या पाळीने मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. आधी निवडल्या गेलेल्या मुलावर संघ भरवसा ठेवतो, त्याला शिकायला वेळ देतो. मागे राहिलेल्याला पहिल्या चुकीला घरी पाठवतात. तो पहिल्याच दिवशी निवडला जाईल असं सगळे धरून चालले होते. महाराष्ट्र मंडळात मी हे किती जणांना सांगितलं असेल, याची आता आठवणसुद्धा नको वाटते.

आता मधे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या पिढीत लग्न ठरवण्यापूर्वी मुलाची चौकशी करत. ज्याला मुलगा ठाऊक आहे अशा तिसऱ्याच माणसाला विचारायचं, आणि त्याने नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर खरं ते सांगायचं. इथल्या मराठी लोकांतही ते चालायचं, फक्त फोनवर. आयसेलिनहून, शिकागोहून बायकांचे फोन यायचे, “वहिनी, तुमच्या मंडळात तो मुलगा येतो ना, कसा आहे हो?” माझ्या शब्दाला वजन होतं. एकदा मी एका मुलाचं नुसतंच चांगलं सांगितलं होतं. तो पुढे तापट निघाला आणि मुलीच्या आईने मला फोन करून विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं का?” तेव्हापासून मी एक नियम केला. कितीही चांगलं सांगितलं तरी शेवटी एक ‘पण’ ठेवायचा. पुढे काही झालंच तर आपण सांगितलं होतं असं म्हणता यायला हवं. त्याचा आणखी एक फायदा मला कळला होता. ‘पण’ ठेवला की आधीची स्तुती खरी वाटते आणि सांगणारी चोखंदळ ठरते.

फेब्रुवारीत एक गृहस्थ अभ्यासिकेत आले. साठीचे, करड्या कोटातले, आवाज मऊ. एका व्यावसायिक संघासाठी ते मुलं पारखायचं काम करत होते. आमच्या प्रमुख बाई त्या दिवशी रजेवर होत्या. या बाई स्वतः एके काळी धावपटू होत्या, कृष्णवर्णीय होत्या आणि आमच्यावर त्यांचा एक नियम होता: मुलांबद्दल बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे पाठवायचं. मी त्या गृहस्थांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, अर्थातच, आणि कोट काढून खुर्चीवर ठेवला. माझ्या थर्मासमधला चहा मी त्यांना दिला. आलं घातलेला चहा त्यांना आवडला. त्यांनी माझ्या गावाबद्दल विचारलं, मुलांबद्दल विचारलं. मग म्हणाले, “तुमचं नाव कुठेही येणार नाही. पण तुम्ही त्याला चार वर्षं पाहिलंय. असं समजा, की तो माझ्या घरात येणार आहे आणि मी घरचा माणूस म्हणून तुमच्याकडे आलोय. काय सांगाल?”

त्यांना ते वाक्य कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी पदर सावरावा तशी शाल सावरून बसले. वही काढली. मुलगा वेळेवर येतो, खोटं बोलत नाही, आईला दर रविवारी फोन करतो, हे सगळं सांगितलं. मग पहिल्या वर्षीचं मान डोलावणं सांगितलं, आमची पद्धत सांगितली, तो कसा बदलला ते सांगितलं. इथे थांबायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “म्हणजे आता तो न समजलेलं विचारतो?”

“माझ्यासमोर विचारतो,” मी म्हटलं. “पण दुसऱ्यांसमोर विचारेल का, ते काही सांगता येत नाही.”

इतिहासाचा वर्ग मला त्या क्षणी आठवत होता. आठवूनही मी हे म्हटलं. एक तर माझा तो ‘पण’ ठेवायचा राहिला होता. आणि दुसरं, मुलगा माझ्यासमोरच बोलता होतो असं म्हणण्यात माझी शोभा होती. त्या गृहस्थांनी कप रिकामा केला. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. चहाचे आभार मानले आणि गेले. प्रमुख बाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते, आणि मग सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या आठवडाभर आधी, मी थालीपीठ लावत होते आणि आजोबा पेपर वाचत होते.

“अगं, तुझा मुलगा आलाय बघ. अर्धं पान.”

“वाचा ना मोठ्याने.”

त्यात निरनिराळ्या संघांच्या लोकांनी नाव न देता दिलेली मतं होती. हात चांगला, पाय चपळ, असं बरंच काही. मग आजोबा वाचायचे थांबले आणि पुन्हा सुरू झाले. त्याला जवळून ओळखणाऱ्या एका व्यक्तीचं म्हणणं होतं, की हा मुलगा मान डोलवतो. तुम्ही सांगा, तो हो म्हणेल, आणि आत काय गेलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. एकट्याने समजावलं तर ठीक, पण दहा जणांसमोर आपल्याला समजलं नाही असं तो म्हणणार नाही. खाली एका संघाच्या माणसाने जोड दिली होती, की अशा डोक्याच्या मुलाच्या हाती मी संघ देणार नाही.

“कोण असेल हा मेला?” आजोबा म्हणाले. “नाव द्यायची हिंमत नाही, आणि पोराच्या डोक्यावर बोलतोय.”

मी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. ते करपलं होतं. मी म्हटलं, “दुसरं लावते.”

शब्द माझे नव्हते. पण गाभा माझा होता, आणि ‘आता विचारतो’ हे तेवढं त्यातून गळून पडलं होतं. दोन दिवसांत ते टीव्हीवर आलं. सूट घातलेले तीन पुरुष टेबलामागे बसले होते, त्यांच्यापुढे स्प्रिंगच्या मानेची एक बाहुली होती, आणि प्रत्येक प्रश्नाला एक जण तिच्या डोक्यावर टिचकी मारत होता. बाकीचे हसत होते.

अभ्यासिकेत प्रमुख बाई दार बंद करून फोनवर बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कोरडा होता. मी विचारलं, “इतकं गंभीर आहे का हे?”

“तुला ठाऊक नसेल,” त्या म्हणाल्या. “या जागेवर खेळणाऱ्या आमच्या काळ्या मुलांबद्दल हे माझ्या वडिलांच्या वेळेपासून बोलतात. पाय आहेत, हात आहेत, डोकं नाही. इतकी वर्षं ते म्हणायला निमित्त शोधतात. यावेळी कुणीतरी आतून त्यांच्या हातात ते आणून दिलं. मी शोधून काढणार आहे.”

खरंच मला ठाऊक नव्हतं. तीसेक वर्षं या देशात राहून, पेपर रोज वाचून, मला ते ठाऊक नव्हतं. पण हे माझ्या बाजूचं म्हणून सांगत नाही. ठाऊक नव्हतं, तर मी बोलले कशाला? त्या क्षणी त्यांच्यासमोर उभी असताना मी सांगू शकत होते. मी म्हटलं, “फार वाईट झालं.” आणि माझ्या टेबलापाशी जाऊन पेन्सिलींना टोक करत बसले.

ड्राफ्टच्या शनिवारी आमच्याकडे लोक येणार होते. मीच महिनाभर आधी बोलावलं होतं. मंडळातले निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको, आणि नागपूरचं एक तरुण जोडपं, दोघंही कॉम्प्युटरमधली. मी साबुदाणा वडे केले होते. टीव्हीवर अधूनमधून त्या मुलाचं घर दाखवत होते. तो नव्या सुटात कोचावर बसला होता, शेजारी त्याची आई टोपी घालून, मागे नातेवाईक उभे. एकेक नाव पुकारलं जायचं आणि ते त्याचं नसायचं.

“काकू, तुमचा माणूस अजून बसलेलाच आहे यार,” नागपूरचा मुलगा म्हणाला.

“वऱ्हाड जेवून उठलं, तरी नवरदेवाला कुणी आत बोलवत नाही,” डॉक्टर म्हणाले. “वहिनी, तुम्हीच एक फोन करा त्यांना. तुमच्या शब्दावर इथे लग्नं जुळतात.”

सगळे हसले. मीही हसले.

“पण सर, ते कोणी सांगितलं असेल हो?” नागपूरची मुलगी म्हणाली. “मान डोलवतो वगैरे. हे लांबून कसं कळणार? जवळचंच कोणीतरी असणार.”

“जवळचेच असतात,” डॉक्टर वडा तोडत म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चटणी आणायला उठले. स्वयंपाकघरातून मला टीव्हीचा आवाज येत होता. त्या टेबलामागच्या माणसांपैकी कुणीतरी म्हटलं, आता तर त्याची आईही मान डोलवते आहे, आणि पुन्हा हशा झाला. मी चटणीचं भांडं हातात धरून फ्रिजपाशी उभी राहिले. त्या बाईचा अपराध एवढाच, की ती कुणा नातेवाइकाचं बोलणं ऐकून घेत होती.

तो दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सातांपैकी सहाव्या फेरीत निवडला गेला. तेव्हा त्याच्या घरी कॅमेरा नव्हता.

मे महिन्यात तो शेवटचा निबंध पुरा करायला आला. पदवीसाठी तेवढाच राहिला होता. त्याने निबंध काढला, मी वाचला. चांगला होता. मी दोन ठिकाणी खूण केली. त्याने मला नेहमीसारखं शिकवून दाखवलं. कागद गोळा करताना तो म्हणाला, “ते कोण बोललं ते मला कळलंय, मॅम.”

मी पेनला टोपण लावलं. “कोण?”

त्याने त्याच्या प्रशिक्षकांचं नाव घेतलं. मुख्य नव्हे, क्वार्टरबॅक शिकवणारे. या गृहस्थांनी त्याला सोळाव्या वर्षी गावातून शोधून आणलं होतं. त्याचे वडील नव्हते. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत आईकडे जायला जमलं नाही, तेव्हा तो त्यांच्या घरी राहिला होता. “पहिल्या वर्षी ते मला बाजूला घेऊन ओरडायचे, माझ्याकडे बघून मान हलवू नकोस. दुसरं कोणाला ठाऊक असणार? त्यांचे रोज फोन येतात. मी उचलत नाही. पदवीदानालाही येऊ नका, असा निरोप दिलाय.”

“ते नसतीलही,” मी म्हटलं.

“मग कोण? मी तसं करायचो हे फक्त दोघांना माहीत आहे. ते आणि तुम्ही.” आणि तो हसला, मनापासून. तुम्हीच असणार, अशी थट्टाही त्याने केली नाही. इतकं ते त्याला अशक्य वाटत होतं.

अभ्यासिकेत तेव्हा आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी त्याचे कागद टेबलावर आपटून सरळ केले, कोपऱ्यात स्टेपल मारली आणि त्याला दिले. तो वाकून मला जवळ घेऊन भेटला, आणि म्हणाला की तुमच्याशिवाय मला ही पदवी मिळाली नसती. मी त्याला शुभेच्छा दिल्या.

आतापर्यंत मी जे केलं ते न कळून, सवयीने, थोड्या मिरवण्याच्या हौसेने केलं, असं म्हणता येईल. त्या दुपारी मात्र सगळं कळून केलं. मला लाज वाटते ती मुख्यतः त्या स्टेपलची.

जून गेला. जुलैच्या सुरुवातीला अभ्यासिकेत कुणीतरी सहज म्हणालं, की ते प्रशिक्षक पदवीदानाला आले होते, मागच्या दाराशी उभे राहिले, त्याचं नाव पुकारलं गेल्यावर निघून गेले. त्या दिवशी घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. मी व्यवस्थित बाई आहे, पत्रही व्यवस्थित झालं. पहिल्या परिच्छेदात काय झालं ते. दुसऱ्यात, इतिहासाचा वर्ग मला आठवत असूनही मी काय म्हटलं ते. तिसऱ्यात आमच्याकडे मुलाची चौकशी कशी करतात, ‘पण’ का ठेवतात, माझा हेतू कसा वाईट नव्हता. चौथ्यात, प्रशिक्षकांचा काही संबंध नाही आणि तू त्यांचा फोन घे.

आजोबा बागेत टोमॅटोला काठ्या लावत होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि पायरीवर बसले. त्यांनी हात पुसले, उभ्यानेच वाचलं, दोनदा. मला वाटलं रागावतील. पेपर वाचताना ते काय म्हणाले होते, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

“तिसरा परिच्छेद काढ,” ते म्हणाले.

“त्याशिवाय त्याला समजणार कसं, मी असं का केलं?”

“त्याला समजून काय करायचंय? तो परिच्छेद त्याच्यासाठी नाही. तुझ्यासाठी आहे.”

मी आत जाऊन पत्र पुन्हा लिहिलं. आठ ओळी झाल्या. खाली पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि फोन नंबर घातला. त्याच्या संघाचं सराव शिबिर सुरू होणार होतं, तिथल्या पत्त्यावर त्याच्या नावाने पाठवलं. दुसरी प्रत त्या प्रशिक्षकांना पाठवली. प्रमुख बाईंना मात्र सांगितलं नाही. नोकरी जाईल हे कारण नव्हतं. त्यांचा तो कोरडा चेहरा माझ्याकडे वळलेला मला बघायचा नव्हता.

प्रशिक्षकांचं चार दिवसांत उत्तर आलं. एक ओळ, सही. कळवल्याबद्दल आभार, एवढंच. त्याचं उत्तर आलं नाही. ऑगस्ट, सप्टेंबर मी रोज टपालाची पेटी बघत असे. फोन वाजला की मी आधी उचलत असे. त्या मोसमात तो दोनदा थोडा वेळ मैदानावर दिसला. पुढच्या वर्षी त्या संघाने त्याला सोडलं, दुसऱ्याने घेतलं, त्यानेही सोडलं. तो लवकर निवडला गेला असता तर टिकला असता का? आजोबा म्हणतात, हे कुणालाच सांगता येणार नाही. ते खरं आहे, आणि त्याने मला जराही बरं वाटत नाही. त्याला पत्र मिळालं की नाही, हेसुद्धा मला दोन वर्षं कळलं नाही.

मग एका शरद ऋतूत प्रमुख बाई एक पाकीट घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. त्याच्या लग्नाला त्या जाऊन आल्या होत्या. लग्न त्याच्या गावी झालं होतं. त्यांनी फोटो एकेक करून माझ्यासमोर ठेवले. टोपी घातलेली आई. नवरी. मग नवऱ्याच्या शेजारी, वडिलांच्या जागी उभा असलेला एक पांढऱ्या केसांचा माणूस, आणि नवऱ्याच्या खांद्यावर त्याचा हात. ते प्रशिक्षक होते.

पत्र पोचलं होतं.

“मधे काय बिनसलं होतं दोघांचं, कोण जाणे,” बाई म्हणाल्या. “आता मुलासारखं आहे पुन्हा. तुला बोलावणं आलंच असेल? मला वाटलं तू भेटशील तिथे.”

“नाही आलं,” मी म्हटलं.

“चुकून राहिलं असेल. तुझं नाव तर तो नेहमी घ्यायचा.”

“चुकून नाही राहिलं.” मी समोरची खुर्ची ओढली. त्या बसल्या. मी करड्या कोटातल्या गृहस्थांपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं, तिसऱ्या परिच्छेदाशिवाय. बोलणं संपल्यावर त्यांनी फोटो गोळा केले, पत्त्यांसारखे सरळ केले आणि पाकिटात घातले.

“त्या वसंतात मी सगळ्यांना विचारलं,” त्या म्हणाल्या. “प्रशिक्षकांना, संघाच्या डॉक्टरांना, कपडे धुणाऱ्या माणसाला. त्या बिचाऱ्याला तर दोनदा. तुला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.”

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. मी अजून मंगळवारी आणि गुरुवारी जाते. फक्त फेब्रुवारी लागला आणि बाहेरची माणसं मुलांची चौकशी करायला यायला लागली, की बाई माझं टेबल आतल्या खोलीत हलवतात, जिथून दार दिसत नाही. माझी वही आणि थर्मास घेऊन मी आत जाऊन बसते.